विंगेतून उघडलेलं पान

मास्तरांनी मला कधी समोरून हाक मारली नाही. त्यांचा आवाज यायचा तो डाव्या खांद्याच्या मागून, आणि तोही कुजबुजत. "पोरी, पाठ सरळ ठेव," असं कुणीतरी कानाशी म्हणालं की समजायचं, मास्तर आले. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी दचकायचे. पुढे सवय झाली. आता इतक्या वर्षांनी कुणी थेट समोर उभं राहून मोठ्यानं बोलायला लागलं, की मलाच तो माणूस जरा उद्धट वाटतो.

त्यांना सगळा लालबाग मास्तर म्हणायचा, पण त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. तरुणपणी ते एका गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारे कारकून होते आणि संध्याकाळी कामगारांच्या नाटकात प्रॉम्प्टर. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला आडोशाला, स्टुलावर बसायचं आणि नट अडला की हळूच पुढचा शब्द पुरवायचा, एवढंच ते काम. नट बदलले, नायिका बदलल्या, दिग्दर्शक तर दर वर्षी भांडून जायचे, स्टुलावर मात्र हेच. तालमी घ्यायचे म्हणून मास्तर. मग संप झाला. गिरणी बंद पडली, मंडळी पांगली, कुणी कोकणात गेलं, कुणी कुठल्या सोसायटीच्या गेटावर बसलं. त्या वेळी स्पर्धेसाठी त्यांचं एक नाटक पुरं बसलेलं होतं, कपडेसुद्धा शिवून आले होते. ते काही रंगमंचावर आलं नाही. ही गोष्ट सांगताना मास्तर अजिबात हळहळत नसत. उलट म्हणत, "आमचं सगळ्यात चांगलं नाटक ते. एकही प्रयोग झाला नाही, त्यामुळे एकही चूक झाली नाही."

मास्तरांचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आहे. आम्हाला त्यांनी जे काही छळलं, तेही यातूनच.

मी त्यांच्याकडे नोकरीला लागले तेव्हा संप जुना झाला होता. मास्तरांनी मधल्या काळात लग्नपत्रिका छापल्या, नंतर कॉम्प्युटर घेऊन त्यावर जन्मपत्रिका जुळवल्या, आणि आता वेबसाइट बनवायच्या म्हणून दुसरा कॉम्प्युटर घेतला होता. ऑफिस म्हणजे लालबागला मसाला कांडून देणाऱ्या बाबूच्या दुकानावरचा लाकडी पोटमाळा. खाली मिरची कांडायला लागली की वर आम्ही दोघं शिंकत पानं बनवायचो. गिरगावातल्या माझ्या वडिलांनी जन्मभर फोर्टात पंख्याखाली बसून कारकुनी केली. त्यांनी एकदा तो पोटमाळा पाहिला आणि घरी येऊन आईला म्हणाले, "नोकरी बरी आहे, पण रुमाल जास्त दे तिला."

आम्हाला काम मिळायचं ते फोर्टातल्या एका जाहिरात कंपनीकडून. आम्ही पानं बनवून सीडीवर भरून द्यायची. ती इंटरनेटवर चढवून जगापुढे उघडायचं काम त्यांच्या माणसाचं. त्याआधी पान आपल्याच मशीनवर उघडून बघायचं, सगळी बटणं चालतात ना, चित्रं दिसतात ना, ते तपासायचं, हा या धंद्यातला साधा नियम. दुसरीकडे या कामाला एक चहा पुरतो. मास्तरांना दोन आठवडे लागायचे. कारण ते त्याला तपासणी म्हणत नसत, तालीम म्हणत. आधी वाचनाची तालीम, मग उभ्याने तालीम, मग हालचालींची, आणि शेवटी रंगीत तालीम.

वाचनाच्या तालमीत ते सगळं पान मोठ्यानं वाचायचे. नुसता मजकूर नाही, बटणंसुद्धा. "इथे बोट आलं. दाबलं. आता हा नट विंगेत गेला. आता दुसऱ्या पानावर आला. आला का? कुठून आला? परत कसा जाणार?" एखाद्या पानावरून मागे फिरायला बटण नसलं की ते भयंकर चिडायचे. "आत घेतलंस, पण बाहेर कोण काढणार त्याला? तिथेच उभा राहील बिचारा, पडदा पडेपर्यंत." मला त्या अडकलेल्या माणसाची खरोखर काळजी वाटायला लागायची आणि मी मुकाट्याने बटण लावायचे.

उभ्याने तालीम म्हणजे ते स्वतः जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभे राहायचे आणि तिथून कॉम्प्युटरचा पडदा वाचता येतो का बघायचे. मग बायकोचा चष्मा लावून. मग एक डोळा मिटून. मी एकदा म्हटलं, "मास्तर, एक डोळा मिटून कोण बघतं वेबसाइट?" तर म्हणाले, "ज्याच्या दुसऱ्या डोळ्यात बाबूची मिरची गेलीय तो."

रंगीत तालीम मात्र बघण्यासारखी असायची. जाहिरात कंपनीचं पान औषधांचं असो, नाहीतर बॉयलरचं, मास्तर शेजारच्या लोकांना बोलावायचे. पोटमाळ्यावर दोन बाकं होती. त्यावर माणसं बसायची, चहा यायचा, आणि मास्तर एक पितळी घंटा वाजवायचे. ती एका बंद पडलेल्या नाट्यगृहातून त्यांनी आणली होती. पहिली घंटा, दुसरी घंटा, मग थोडं थांबून तिसरी. मग ते समोरच्या माणसाच्या हातात माउस द्यायचे आणि प्लायवुडच्या पार्टिशनमागे जाऊन उभे राहायचे. ती त्यांची विंग. मला सक्त ताकीद असायची की हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. "प्रेक्षकाला मदत करायची नाही. तो चुकला म्हणजे आपण चुकलो."

आमची सगळ्यात कडक प्रेक्षक म्हणजे माझगावची कोळीण हिराबाई. सकाळी बाजार आटोपून घरी परतताना ती वर यायची, पाटी खाली बाबूकडे ठेवून. पहिल्या दिवशी तिने माउस तळहातावर घेतला, पापलेट जोखावं तसा वरखाली केला आणि म्हणाली, "हलकं हाय रं मास्तर." मग तो उचलून सरळ काचेवर टेकवला आणि चित्रावर घासायला लागली. माझे हात पाठीमागे शिवशिवत होते. पार्टिशनमागून कुजबुज आली, "खाली. टेबलावर." मास्तरांना स्वतःचा नियम पाळता यायचा नाही, तो असा.

आणि ती कुजबुज! तिच्याबद्दल सांगायलाच हवं. मास्तरांना आयुष्यात एका गोष्टीचा अभिमान होता. ते म्हणायचे, इतकी वर्षं विंगेत बसलो, पण माझा आवाज नटाशिवाय कुणाला ऐकू गेला नाही. "प्रॉम्प्टर ऐकू आला की नाटक पडलं म्हणून समज. आमचं एकही पडलं नाही." खरी गोष्ट अशी की मास्तरांची कुजबुज खाली बाबूच्या मशीनच्या धडधडीतूनसुद्धा ऐकू यायची. बाबूला आमच्या सगळ्या वेबसाइट तोंडपाठ होत्या. पण लालबागमध्ये एक अलिखित शिष्टाचार होता. मास्तर कुजबुजले की आपण काही ऐकलंच नाही, असा चेहरा करायचा. मलाही तो कुणी शिकवला नाही, पहिल्या महिन्यात आपोआप अंगात भिनला.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला मी मास्तरांना बोलावलं होतं. गिरगावातला लहानसा हॉल, आमची सगळी मोजून मापून बोलणारी माणसं. जेवणाच्या पंगतीत नवरीला नाव घ्यायला सांगितलं. तिने "चांदीच्या ताटात" एवढं म्हटलं आणि पुढचं विसरली. लाल झाली, पदर चाळवायला लागली. तेवढ्यात तिच्या खुर्चीच्या मागून, कुठल्यातरी झेंडूच्या माळेआडून आवाज आला, "ठेवली खारकेची रास…" आणि पुढची ओळ, नवऱ्याच्या नावासकट, यमक जुळवून. तिने ते तसंच म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मास्तर माझ्याजवळ येऊन हळूच विचारतात, "कुणाला कळलं?" मी म्हटलं, "छे हो मास्तर." पलीकडे माझे वडील शेजाऱ्याला विचारत होते, "यांच्या हातात माइक कुणी दिला?"

असा हा माणूस. त्यांच्याकडे सुलूमावशी आली आणि आमच्या सगळ्या तालमींची परीक्षा झाली.

सुलूमावशी नायगावच्या बीडीडी चाळीतली. संपानंतर नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा तिने घरात खानावळ सुरू केली, आणि दिवाळीत चाळीतल्या बायकांना हाताशी धरून फराळ. अनारसे असे करायची की खाताना माणूस बोलायचा थांबायचा. हा फराळ दादरचा एक दुकानदार घ्यायचा, त्याच्या नावाच्या खोक्यात भरायचा आणि अमेरिकेला पाठवायचा. खोक्यावर लिहिलेलं असायचं, आमच्या खास पाककृतीने बनवलेला. कितीतरी वर्षं हे असंच चाललं. त्या वर्षी मावशीने त्याला तोंडावर सांगितलं, की यंदा माझा फराळ माझ्या नावाने जाणार. तो हसला. म्हणाला, "जाऊ दे की. कोण ओळखतं तुला तिकडे? दसऱ्यानंतर परत येशील, तेव्हा बघू."

त्या रागात ती नायगावहून चालत आमच्याकडे आली. तिचा भाचा न्यू जर्सीला होता. त्याने फोनवर सांगितलं होतं, मावशी, वेबसाइट काढ, इकडची माणसं तिथून मागवतील. मावशी बाकावर बसली आणि म्हणाली, "मास्तर, माका असा पान करून देवा, की त्या मेल्याचा हसू बंद झाला पाहिजे."

मास्तर पार्टिशनमागून बाहेर आले. मी त्यांना एवढं खूश क्वचित पाहिलं असेल. जाहिरात कंपनीचं काम नव्हे, आपलं स्वतःचं. बनवायचं आपण आणि उघडायचंही आपणच. मला तेव्हाच थोडी धाकधूक वाटली. कारण उघडायची पाळी मास्तरांवर पूर्वी कधी आलीच नव्हती.

त्या काळी एक अडचण होती. मराठी अक्षरं परदेशातल्या मशीनवर धड दिसायची नाहीत, नुसते चौकोन आणि किडेमुंग्या उमटायच्या. म्हणून सगळा मराठी मजकूर आम्ही चित्र करून लावायचो. नाव चित्रात, भाव चित्रात, मागणीचं बटणसुद्धा चित्रच. अशा प्रत्येक चित्रामागे एक ओळ लिहून ठेवायची सोय असते. चित्र काही कारणाने आलं नाही तर त्या जागी ती ओळ दिसते. लोक तिथे काहीच लिहीत नाहीत, नाहीतर 'फोटो' असं लिहून मोकळे होतात. मास्तरांना ही सोय कळली त्या दिवशी ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. "म्हणजे नट आलाच नाही तर विंगेतून आवाज!" तेव्हापासून आमच्या प्रत्येक चित्रामागे मास्तरांची ओळ असायचीच. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल.

मावशीच्या पानाच्या ओळी त्यांनी मला एका दुपारी पार्टिशनमागून सांगितल्या. "लिही. हे अनारसे. जाळी बघा. गरम खाऊ नका, धीर धरा." मी लिहिलं. "चकली. मोडताना आवाज नाही आला तर आम्हाला कळवा." "करंजी. डावीकडची जरा वाकडी झालीय, ती आम्हीच खाणार आहोत." मावशीच्या फोटोमागे, "ही सुलूमावशी. फोटोत हसत नाही. एरवी हसते." आणि मागणीच्या बटणामागे, "इथे दाबा. घाबरू नका, काही मोडणार नाही." मी म्हटलं, "मास्तर, हे कुणाला दिसणारच नाही." तर समाधानाने म्हणाले, "दिसू नयेच."

चित्रं ठेवायची त्यांची एक खास जागा होती. त्यांच्या मशीनवर त्यांनी एक कप्पा केला होता, त्याचं नाव नेपथ्य. सगळी चित्रं त्यात, आणि पानाला पक्कं सांगून ठेवलेलं की चित्र हवं असेल तर मास्तरांच्या मशीनवरच्या या कप्प्यातून उचल. एकदा मांडलेलं नेपथ्य कुणी हलवायचं नाही, हा त्यांचा नाटकातला नियम होता, तो त्यांनी इथे लावला. जाहिरात कंपनीचा माणूस पानं चढवताना हे गुपचूप सुधारून घेत असणार. त्याने आम्हाला ते कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

तालमी सुरू झाल्या. वाचनाची झाली, उभ्याने झाली. रंगीत तालमीला हिराबाई आली, बाबू मशीन बंद करून वर आला, मावशी चाळीतल्या बायका घेऊन आली. हिराबाईने अनारशावर बोट ठेवलं, म्हणजे आता ती माउसने ठेवायला शिकली होती, आणि म्हणाली, "यो बेस दिसतो." सगळं चाललं. मास्तरांनी पहिली घंटा दिली, दुसरी दिली, आणि थांबले. "लाडवाचा पिवळा रंग जरा भडक वाटतोय. परवा परत करू."

परवा पिवळा ठीक झाला. तर मास्तरांना बटण खाली वाटायला लागलं. ते वर घेतलं तर भाव दबल्यासारखे दिसायला लागले. दर वेळी दोन घंटा व्हायच्या आणि तिसरीला मास्तरांचा हात अडायचा. इकडे दिवस चालले होते. दसरा झाला. परदेशी पार्सल पोचायला लागणारे दिवस धरले तर मागण्या आता यायला हव्या होत्या. चाळीत भाजणी दळून आली होती, बायका वाट बघत बसल्या होत्या, आणि मावशीच्या डोळ्यांपुढे तो दादरवाला हसत होता. एका दुपारी तिने मला जिन्यात गाठलं. "काय गो, तुझ्या मास्तराचा चाललाय काय? पान उघडूचा नाय तर मी त्या मेल्याकडे जाऊ काय, तोंड घेऊन?" तिचे डोळे भरले होते. मला मास्तरांचा खरंच राग आला.

त्या दिवशी पुन्हा रंगीत तालीम होती. पुन्हा सगळं ठीक. पहिली घंटा, दुसरी घंटा. मास्तर थांबले, पडद्याकडे बघत म्हणाले, "मला वाटतं, करंजी…" एवढ्यात मावशी बाकावरून उठली, त्यांच्या हातातून घंटा घेतली आणि अशी वाजवली की खाली रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. "झाली तिसरी," ती म्हणाली. "आता पडदा वर घेवा." मास्तर तिच्याकडे, मग घंटेकडे बघत राहिले. तिसरी घंटा झाल्यावर पडदा न उघडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी फोन जोडला, मोडेमने किंचाळून घेतलं, आणि पान चढवलं.

मग इंटरनेटवरून ते उघडून पाहिलं, त्याच मशीनवर. सगळं जागच्या जागी. अनारशाची जाळी, लाडवाचा पिवळा, मावशी न हसणारी. बाबूने पेढे वाटले. मास्तर पार्टिशनला टेकून उभे होते, घाम पुसत. म्हणाले, "बसलं." ते त्याच मशीनवर होतं म्हणून बसलं होतं. पान चित्रं मागत होतं मास्तरांच्या कप्प्यातून, आणि त्या मशीनवर तो कप्पा होताच. जगात दुसरीकडे कुठेही तो नव्हता. हे तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. मावशी तिथे येऊनच बसली होती. फोन मी घेतला आणि तो सांगेल ते मोठ्यानं सगळ्यांना सांगत गेले. भाचा म्हणाला, "एकही फोटो नाहीये हो! सगळीकडे नुसते रिकामे चौकोन आणि त्यात लाल फुल्या. पण आत काय लिहिलंय ते! आम्ही सगळे हसून हसून पडलो. बायकोने मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या ऑफिसातल्या मराठी लोकांना पाठवलं, त्यांनी पुढे पाठवलं. मागण्या आल्या का?"

फोन ठेवून मी मशीनवर मागण्यांचं टपाल उघडलं. एकाखाली एक नावं यायला लागली. एकाने लिहिलं होतं, धीर धरतो, पण अनारसे दोन डबे. एका बाईंनी विचारलं होतं, ती वाकडी करंजी आम्हाला मिळेल का? आणखी एकाने लिहिलं होतं, काही मोडणार नाही असं म्हणालात म्हणून दाबलं. मावशीला मी वाचून दाखवत गेले आणि ती पदर तोंडाला लावून हसत गेली.

मास्तर मात्र स्टुलावर बसले होते, चेहरा पार उतरलेला. रिकामे चौकोन ऐकल्यावरच त्यांच्या लक्षात आलं होतं की नेपथ्य इथेच राहिलं. पण त्यांना लागलं होतं ते दुसरंच. "सगळ्यांना ऐकू आलं," ते म्हणाले. "एकही नट रंगमंचावर नाही आणि सगळ्या अमेरिकेला नुसता प्रॉम्प्टर ऐकू आला. पडलं नाटक. जन्मात पहिल्यांदा." ते उठले आणि मशीनसमोर येऊन बसले. "पान उतरवतो. पहिल्यापासून तालीम घेऊ. वाचनापासून."

वाचनापासून म्हणजे दोन आठवडे. तोवर पार्सलांची वेळ टळून जाणार, आणि दिवाळी दादरच्या खोक्यातून. मी म्हटलं, "मास्तर, पान तसंच राहू दे, चित्रं मी मागून चढवते, एका दुपारचं काम आहे." ते ऐकेनात. "पडलेला प्रयोग चालू ठेवायचा नसतो. प्रॉम्प्टर कधी ऐकू येता कामा नये. माझा आवाज आजवर कुणाला ऐकू आलेला नाही." त्यांचं बोट बटणावर गेलं.

मावशी बाकावरून हलली नाही. फक्त म्हणाली, "ऐकू येवचो."

मास्तरांचं बोट थांबलं.

"येवचो ओ, मास्तर," मावशी म्हणाली. आवाजात जराही चेष्टा नव्हती. "तुमचो आवाज सगळ्यांक ऐकू येवचो. पहिल्यापासून. तुमच्या नाटकात नट थांबलो की आम्ही बायका एकमेकींक चिमटे काढायचो, आता मास्तर बोलतले म्हणून. नटापेक्षा तुम्हीच बरा बोलायचात. कुणी तुम्हाला सांगूक नाय, तुम्हाला वाईट वाटात म्हणून. आणि एक तरी नाटक पडला काय? सांगा बघू."

इतकी वर्षं सगळ्या लालबागने सांभाळलेली गोष्ट तिने एका दमात सांगून टाकली होती. मास्तर माझ्याकडे वळले. समोरून. मी मान खाली घातली, आणि त्यावरून त्यांना जे कळायचं ते कळलं. आधी त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हा माणूस उठून निघून जाणार.

त्यांनी विचारलं, "कितव्या रांगेपर्यंत?"

"रांग?" मावशी म्हणाली. "आम्हाला कुठली रांग? तिकीट काढायला कुणाकडे होते पैसे? आम्ही मैदानाच्या बाहेर, वड्याच्या गाडीपाशी उभ्या. तिथपर्यंत."

वड्याची गाडी कुठे उभी राहायची, ते अंतर मास्तर मनातल्या मनात मोजत असावेत. हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आलं, लहान मुलासारखं, लपवता न येणारं. त्यांनी बटणावरचं बोट काढून घेतलं, माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं, कुजबुजले, "राहू दे पान."

खाली मिरचीचं मशीन धडधडत होतं. त्यातून बाबू ओरडला, "हां मास्तर, राहू दे! मस्त चाललंय!"